पाकिटांवर देवनागरीत लिहिणाऱ्या ताईंना

बाबांना बायपासनंतर घरी सोडलं त्या संध्याकाळी गोळ्यांचा घोळ झाला. रक्तदाबाची जुनी गोळी आणि नवी, नावं वेगळी, औषध एकच. आई दोन्ही देणार होती. बडोद्याच्या त्या हॉस्पिटलातल्या फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णांची काळजी घेणाऱ्या ताईंनी, आमची पिशवी उघडून बघितली आणि लगेच सर्जनना फोन लावला. जुनी बंद झाली. आईला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. ताई स्वतः गुजराती, तरी एकेका पाकिटावर देवनागरीत ‘सकाळी’, ‘रात्री’ लिहीत बसल्या. ड्यूटी संपून गेली होती!

फिजिशियन असिस्टंटचा हा पेशा १९६५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सुरू झाला, आपल्याकडे २०२१ च्या कायद्यात त्याला जागा मिळाली, हे मी नंतर वाचलं. ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार. रिकामी पाकिटंही आईने अजून टाकलेली नाहीत.