तिसरा आणि चौथा

प्रिय मन्या,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, फोनही धड नाही. रागावला असशील तर नंतर रागाव, आधी हे वाच. घरी सांगायला गेलो तर आई विचारते, "एवढं सोनं सरकवता, मग रात्री ठेवता कुठे?"

सोन्याचे पाच कण एका ओळीत लागले! 20 नॅनोमीटरचे, सिलिकॉनवर, एएफएमच्या, म्हणजे सुईने चाचपून चित्र काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या, टिपने एकेक ढकलत. हलक्या टॅपिंगने चित्र घ्यायचं, मग टिपची उंची आपोआप सांभाळणारा फीडबॅक बंद करून ती कणाच्या मधोमध न्यायची. जरा बाजूला लागली की कण निसटलाच. ढकलताना दिसत काहीच नाही, कारण बघणारी टिपही तीच. आयबीएमच्या आयग्लरने 1989 मध्ये झेनॉनचे 35 अणू मांडले ते 4 केल्विनला, म्हणजे उणे 269 अंशाच्या थंडीत. आमच्याकडे जुलैची हवा, आणि चित्र पुरं होईपर्यंत ड्रिफ्टने, म्हणजे सगळंच हळूहळू सरकत राहिल्याने, कण पुढे गेलेला.

पण सहावा ढकलला आणि तो गेलाच. जुन्या जागी नाही, नव्या जागीही नाही. पुढच्या चित्रात प्रत्येक कणाच्या उजवीकडे एक फिकट जुळा, सगळ्यांना एकाच अंतरावर. तू इथेच ओळखलं असशील. दमट हवेत पाण्याचा थर असतोच, कण टिपला चिकटला आणि टिपला दोन टोकं झाली.

टिपचं दुःख नाही रे. मग मी पाच कणांचं ते आधीचं चित्र पुन्हा उघडून बघितलं. उंची 20च, पण रुंदी सकाळच्यापेक्षा जास्त. म्हणजे टिप आधीच बोथट झालेली, आणि बोथट टिपने कण खऱ्यापेक्षा रुंद दिसतो, मधली फट बुजते. आणि आमचा सगळा पेपर उभा आहे तिसरा-चौथा कण एकमेकांना टेकले आहेत यावर. मध्ये 2 नॅनोमीटरची फट असली तर प्रकाशाला मिळणारा प्रतिसादच वेगळा. शिखरांमधलं अंतर मोज म्हणशील, पण ड्रिफ्ट तेवढीच चूक घालतो. सर म्हणतात, चित्र छान आहे, पाठवून देऊ.

"उंची सांग, रुंदी सांगू नकोस" यावरून कॅन्टीनमध्ये तू माझ्याशी किती भांडलास! तेव्हा तुझा चहाही मीच प्यायलो होतो. तुझं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही, पण या ओळीच्या बाबतीत आहे.

एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली, फट दिसेल. पण इलेक्ट्रॉनच्या झोताने कार्बन बसतो, मग ते कण पुन्हा हलायचे नाहीत. ही ओळ मला अजून पुढे न्यायची आहे, सातवा, आठवा. म्हणून जीव अडकलाय.

आईचा गुडघा बरा, मीही ठीक. नव्या नोकरीत बसलास ना नीट? बारशाला येता आलं नाही, वहिनींना सांग भेटल्यावर हवं तेवढं बोला. छोकरीचे फोटो पाठव.

सोमवारी दुपारी एसईएमचा स्लॉट मिळतोय. सरांना अजून बोललेलो नाही. सॅम्पल देऊ का? त्याआधी एका ओळीत कळव.

तुझा,
सदा