घरी शिकणाऱ्या मुलांनाही प्रयोगाची दारे उघडावीत

महोदय,

आमची दोन्ही मुले शाळेत न जाता घरीच शिकतात. भाषा आणि गणित यांची सोय घरात होते. अडते ते विज्ञानापाशी, आणि तेही साध्या साहित्याअभावी नव्हे. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या, की चौकोन बोटाच्या दाबाने कलतो आणि त्रिकोण मात्र ताठ राहतो, हे मुलांच्या हातालाच कळते. मग रेल्वेपुलाच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. अशी साधी खेळणी घरोघरी पोहोचवणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यातच, 'आयुका' या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या विज्ञान केंद्रात, अनेक वर्षे काम केले, याचा पुणेकर म्हणून मला अभिमान वाटतो. १३ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य नेमका डोक्यावर आल्याने गच्चीत उभ्या केलेल्या बाटलीची सावली नाहीशी होते, तो क्षण माझी मुले वर्षभर विसरत नाहीत.

तथापि सूक्ष्मदर्शक, दुर्बीण किंवा सोबतीने करायचे प्रयोग यांसाठी बाहेर जावेच लागते. गेल्या सुट्टीत एका कार्यशाळेसाठी आमच्याकडे शाळेचे पत्र मागण्यात आले आणि ते नसल्याने धाकटी दारातूनच हिरमुसून परतली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत (एनआयओएस) अशा मुलांना दहावीची परीक्षा देता येते. मग प्रयोगालाच मज्जाव का? शहरातील विज्ञान केंद्रांनी पालकांच्या ओळखपत्रावर नोंदणी स्वीकारावी आणि आठवड्यातील एखादी दुपार या मुलांसाठी राखून ठेवावी, ही विनंती.

– एक पालक, कोथरूड, पुणे