क्लासिक 350 (मागे ड्रम ब्रेक): रिकॉलचं काम घाट राइडआधी करून घ्या

सभासदांनो,

रॉयल एनफिल्डने डिसेंबर 2021 मध्ये 26,300 क्लासिक 350 मोटरसायकली एका दोषाच्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या (रिकॉल). 1 सप्टेंबर ते 5 डिसेंबर 2021 दरम्यान बनलेल्या, मागे ड्रम ब्रेक आणि सिंगल चॅनल एबीएस (फक्त पुढचं चाक ब्रेक लावताना लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या. मागे डिस्क असेल तर तुमची गाडी यात नाही.

दोष स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) ब्रेक रिअ‍ॅक्शन ब्रॅकेटचा आहे. ब्रेक दाबला की ब्रेक शू ड्रमला घट्ट धरतात आणि शू ज्यावर बसवलेले असतात ती ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. तो सगळा जोर हे ब्रॅकेट झेलतं. पेडलवर खूप जास्त दाब पडला तर ते खराब होऊ शकतं. मग ब्रेक लावताना वेगळा आवाज येतो, ब्रेकही कमी लागतो. लायनर (ब्रेक शूवरचं घासलं जाणारं अस्तर) बदलून हे सुटत नाही, त्यात पैसे घालवू नका.

- आरसीवर निर्मितीचा महिना बघा. 09/2021 ते 12/2021 असेल तर चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.
- काम मोफत असतं. जॉबकार्डवर ‘रिकॉल’ वेगळं लिहून घ्या, नाहीतर ते साध्या सर्व्हिसिंगमध्ये राहून जातं.
- सेकंडहँड घेतली असेल तर नक्की तपासा. कंपनीचं पत्र बहुधा जुन्या मालकाकडेच गेलेलं असतं.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता, नेहमीच्या जमायच्या जागी आरसी घेऊन या, तिथे सगळ्यांच्या तारखा बघू. काम बाकी असलेली गाडी घाट राइडला घेणार नाही. तोवर डबलसीट आणि उतार टाळा.