वाखरीनंतर घाई नको

महोदय,
पंढरपूरच्या आषाढी वारीत वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी हे शेवटचे मुक्काम आले की पावले आपोआप वेग घेतात आणि नेमके तेव्हाच पाय दगा देतात. पावसात भिजलेले मोजे दिवसभर पायात राहिले की तळव्याची कातडी पांढरी, मऊ पडते, मग फोड. त्यावरची कातडी सोलू नये, तीच जखम झाकते. पाय पुसून स्वच्छ पट्टी, वर कोरडे सुती मोजे. नुसत्या चहावर चालणे वाईट. १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घालून प्यावे. दशमीला पोचताच पदस्पर्शाच्या (विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याच्या) रांगेत शिरू नये, तिथे कित्येक तास उभे राहावे लागते. थकलेल्याने लांबूनच मुखदर्शन घ्यावे, नाहीतर कळसाला हात जोडावेत. उजनी धरणातून पाणी सोडले असेल तर चंद्रभागेत उतरू नये, पायरीवर बसून तांब्यानेच अंघोळ करावी.

– एक वारकरी, सोलापूर