गोसीखुर्दच्या पाण्यावरच्या जुन्या बोट-इंजिनांचा आवाज कमी होऊ शकतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमचं गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागूनच. आम्ही ढिवर, म्हणजे मासे धरणारे, वैनगंगेवर जगलेली माणसं. 1988 ला धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा बाबा डोंगा वल्हवूनच जाळं टाकायला जायचे. मग पाणी पसरलं, जाळ्यापर्यंत कोस-दोन कोस जावं लागतं, तेवढं हातानं होत नाही, म्हणून गावात सेकंडहॅन्ड टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायची इंजिनं, आली. आमचं 8 एचपीचं. पंधराएक वर्षं बाबांनी चालवलं आणि आज त्यांना डाव्या कानानं जवळपास काहीच ऐकू येत नाही. उजवा बरा आहे. आपण बोटीत उजव्या अंगाला बसून डाव्या हातानं हँडल धरतो, म्हणजे इंजिन सारखं डाव्या कानाजवळ. घाटावरचे दोन-तीन म्हातारेही बोलताना उजवा कान पुढे करतात, हे माझ्या लय उशिरा ध्यानात आलं, याचं फार वाईट वाटतं.

काही जण म्हणतात जुनी इंजिनं बंद करा, फोर-स्ट्रोक घ्या. फोर-स्ट्रोक शांत असतं हे खरं आहे, पण नवीन घ्यायचं तर लाखाच्या वर जातं, मच्छीमारानं ते कुठून आणायचं? म्हणून मी मागच्या पावसाळ्यात बोट बांधून ठेवली होती तेव्हा इंजिनाच्याच मागे लागलो, आणि जे कळलं ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

पहिले मी चूक केली. कव्हरवर ओलं पोतं गुंडाळलं. दहा मिनिटांत इंजिन फडफडायला लागलं. ओळखीचे एक मिस्त्री काका म्हणाले, "अरे पोरा, त्याचा श्वास बंद करून राहिला तू, हवा कुठून घेईल थे?" हवा घ्यायच्या जागा कधीच झाकायच्या नाहीत, हे तेव्हा शिकलो.

मग काकांनी इंजिनाकडे न पाहता बोटीची मागची फळी पाहिली. बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या झाडांची खुंटं आहेत, इंजिनाचा पाण्यातला पंखा त्यावर आपटतो, म्हणून आम्ही फळीवर अजून एक लाकडाचा ठोकळा ठोकून इंजिन वर घेतलं होतं. गावात बऱ्याच जणांनी असंच केलं आहे. पण आऊटबोर्डचा धूर पंख्याजवळ पाण्याच्या आत सुटतो, पाणीच त्याचा सायलेन्सर आहे. इंजिन वर घेतलं की तो धूर पाण्याच्या वरवर सुटतो आणि सगळा आवाज उघड्यावर येतो. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या बरोबरीनं किंवा बोटभर खाली पाहिजे. ठोकळा काढला, इंजिन खाली बसवलं, आणि निम्मी किटकिट तिथेच गेली. खुंटांच्या जागी आता बांबू रोवून ठेवले आहेत, तिथे हळू जातो आणि गरज पडली की इंजिन तिरपं करतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. थंड करायला जे पाणी पंप ओढतो ते पुढे धुरात मिसळतं आणि त्यानंही आवाज दबतो. आमच्याकडे नाग नदीची घाण कन्हानमधून वैनगंगेत येते, जलपर्णी माजते, ती पाणी ओढायच्या जाळीत अडकते. बाजूनं पडणारी पाण्याची धार बारीक झाली, आवाज कोरडा कडकड झाला, की इंजिन बंद करून जाळी साफ करायची, नाही तर इंजिनही जळतं. आमच्या पंपाचा आतला रबराचा पंखा झिजला होता, तो बदलला.

बाकी मग किरकोळ. कव्हरच्या आतल्या फोमचा काळा भुगा झाला होता, कडेचं रबर तुटलं होतं, म्हणून कव्हर स्वतःच वाजायचं. गादीचा फोम लावू नका, तो पेट्रोल पितो आणि पेटतो. कारच्या बॉनेटला आतून लावतात ती उष्णता झेलणारी शीट नागपुरात मिळते, ती लावली, वरच्या फिरत्या चाकापासून दूर ठेवून. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फुटलेली होती, ती नवीन टाकली, क्लॅम्पखाली टायरच्या रबराचा तुकडा दिला, कारण पत्र्याची बोट ढोलासारखी वाजते. आणि मागच्या बाजूला पाण्याच्या वर जे छोटं भोक असतं, त्यातून हळू चालताना धूर निघतो, त्यात बोळा कोंबू नका, इंजिन हळू चालत नाही, बंद पडतं.

मोबाईलवर मोजलं तर हँडलपाशी आधी 92 डेसिबल दाखवत होतं, नंतर 84. मोबाईल काही पक्कं मशीन नाही, पण दोन्ही वेळा मोबाईल तोच, जागा तीच. आकडा छोटा वाटतो, पण 3 डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ताकद निम्मी. 85 डेसिबलला आठ तास कान सहन करतो असं धरतात, 88 ला चारच तास, 91 ला दोन. बाबा तर त्या आवाजात रोज सहा-सात तास बसायचे!

सगळा खर्च अडीच हजाराच्या आत झाला. माझी मत्स्य विभागाला, आमच्या मच्छीमार सोसायट्यांना आणि आयटीआयच्या सरांना कळकळीची विनंती आहे की दरवर्षी पावसाळ्यात बोटी बांधलेल्या असतात तेव्हा गावातच एक दिवसाचं इंजिन दुरुस्ती शिबिर घ्या, रबर, पंपाचे पंखे, उष्णता झेलणारी शीट घाऊक भावात आणा आणि सोबत कानात घालायचे प्लग द्या, कापसानं काही होत नाही. उघडून दाखवायला पहिलं इंजिन मी माझं आणतो.

आपला,
एक मच्छीमार, ता. पवनी, जि. भंडारा