तारीख नंतर टाकू

ग्रंथपाल काकांना,
सप्रेम नमस्कार.

या महिन्यात आईला जाऊन सहा महिने होतील. हे पत्र केव्हाच लिहायला हवं होतं, पण हात चालत नव्हता.

आईच्या दहाव्यापासून आमच्या घरी पुस्तकं यायला लागली. जो तो एक हातात ठेवायचा आणि 'वाच, मन शांत होईल' म्हणायचा. एका जवळच्या नातेवाइकांनी तर पान दुमडूनच दिलं. असाध्य आजार म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ, असं त्या पानावर छापलेलं. माझ्या आईने चौदा महिने कॅन्सर सोसला. उठवत नव्हतं तेव्हाही दारात आलेल्याला चहा दिला का, हे ती आतून विचारायची. तिचं पाप शोधायला निघालेल्यांचा मला आजही राग येतो.

तशीच मी वाचनालयात आले. 'धर्माचं काहीतरी द्या, पण पापपुण्याचं नको,' एवढं बोलले आणि रडू फुटलं. तुम्ही मला चौथीपासून ओळखता, तरी काही विचारलं नाहीत. आतून विनोबांची 'गीता प्रवचने' घेऊन आलात. "तुरुंगात सांगितलेलं आहे. ऐकणारेही कोंडलेलेच होते. हळूहळू वाच." मग शिक्का उचललात, शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलंत आणि शिक्का परत पेटीत ठेवलात.

"तारीख नंतर टाकू."

काका, तेव्हा सगळे मला मुदत घालत होते. तेरावं झालं, आता सावर. महिना झाला, आता कामाला लाग. तुम्ही एकट्याने घातली नाहीत. त्या कोऱ्या रकान्याकडे मी किती रात्री बघत बसले असेन!

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी ही प्रवचनं दर रविवारी दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. मीही रविवारीच वाचायचं ठरवलं. आठव्या अध्यायात मरणाचं स्मरण ठेवायला सांगितलंय, तिथे महिनाभर अडकले. पण दहावा! मुलाला आधी ठळक, सोपी अक्षरं शिकवतात, जोडाक्षरं मागाहून. देवही तसाच वाचायला शिकायचा. राम हे सोपं अक्षर, रावण हे जोडाक्षर. आणि माणसांतलं अगदी पहिलं ठळक अक्षर म्हणजे आई. किती साधं आहे हे, आणि मला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

पान दुमडणारे नातेवाईक माझ्यासाठी जोडाक्षर आहेत. अजून लागत नाहीत.

वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसणाऱ्या आजींनाही माझा नमस्कार सांगा. इरावती कर्व्यांचा वारीवरचा 'वाटचाल' हा लेख त्यांनी सुचवला. एकाच दिंडीत चालणाऱ्या बायकांचं जेवण जातीप्रमाणे वेगळं, हे पाहून इरावतीबाईंना झालेलं दुःख वाचताना मला पुन्हा आईच आठवली. तिच्या ओट्यावर कपांची वेगळी रांग कधीच नव्हती. असं वागणारी माणसं गावोगाव असतात, कुठे ग्रंथपाल म्हणून, कुठे कुणाची आई म्हणून. त्यांनी धरून ठेवलंय म्हणून आपण एकमेकांचे आहोत.

येत्या रविवारी अठरावा अध्याय संपेल. सोमवारी पुस्तक घेऊन येते. आता तारीख टाका.

तुमची,
एक वाचक