क्वी न्योनच्या मालकीणबाईंना

आदरणीय मालकीणबाई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र मराठीत आहे. तुमची लेक फोन धरून ते तुम्हाला वाचून दाखवेल. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण व्हिएतनामला निघालेली आपली मंडळी हानोई, हा लाँग, दा नांग करत धावत सुटतात आणि मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचं तुमचं क्वी न्योन त्यांच्या वाटेत येतच नाही.

पत्रास कारण, आम्ही तुमच्या घरी पाहुणे म्हणून उतरलो तेव्हा तुम्ही आमच्या ह्यांच्या पोटाची काळजी वाहिलीत. हे पक्के शाकाहारी, आणि समुद्राकाठच्या गावात भाजीतसुद्धा फिश सॉस. आल्या दिवशी ह्यांनी भात-केळ्यांवर भागवलं. तुम्ही बघितलंत, बोलला काहीच नाहीत. सकाळी मला स्कूटरवर मागे बसवून थेट बाजारात नेलंत. अळंबी, मुगाचे लांब मोड, टोफू आणि आमच्या तुळशी-पुदिन्याच्या जातीचा हिरवागार पाला घेतलात. घरी आल्यावर बान्ह सेओ, म्हणजे तुमच्याकडची तांदळाची कुरकुरीत धिरडी. तुमच्याकडे त्यात उड्या मारणारी ताजी कोळंबी पडते, गावाची शानच ती. तुम्ही अळंबी घातलीत. तांदळाचं पातळ पीठ तव्यावर चर्र झालं, कडा सुटल्या आणि हे ओरडले, "अगं, हे तर घावन!" पुढे ते काकडी-पाल्यासकट तांदळाच्या पातळ कागदासारख्या पापडात गुंडाळायचं, ते मात्र ह्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. सगळं खालून गळायचं आणि तुम्ही तोंडावर हात धरून हसायचात. बुडवायला सोया सॉस, लिंबू, साखर, मिरची. ह्यांच्यासाठी तवा वेगळा ठेवला होतात, ते मला निघायच्या दिवशी कळलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथीही तुम्हीच दाखवलीत. त्या दिवशी तिकडचे कितीतरी बौद्ध लोक शाकाहार करतात. पौर्णिमेला हे जेवले म्हणजे काय जेवले!

आमची स्थळांची यादी तुम्ही हळूच बाजूला सारलीत, त्याचेही आभार. पहाटे पाचला अख्खं गाव समुद्रात डुंबायला उतरतं, दुपारी शटरं खाली. मधल्या वेळात फिनमधून, म्हणजे कपावर ठेवायच्या धातूच्या छोट्या गाळणीतून, कंडेन्स्ड मिल्कवर थेंबथेंब पडणारी कॉफी बघत बसायचं. मला एरवी असं बसणं जमत नाही.

तरी दोन जागा तुमच्या आग्रहाने झाल्या. एक थाप दोई, चाम लोकांचे (इथे पूर्वी त्यांचं राज्य होतं) विटांचे जोडमनोरे, कोपऱ्यांवर दगडी गरुड. ह्याच भागात त्यांची राजधानी विजय होती. १४७१ मध्ये ती पडली. दुसरी क्वी होआ. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात कवी हान माक तू १९४० मध्ये वारला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. किनाऱ्यालगतची ती रंगीत घरांची वसाहत बघून ह्यांना आनंदवन आठवलं. परतताना आपण तिघंही गप्प होतो.

सोबत कोकमं पाठवतेय. गरम पाण्यात भिजवा, पिळून घ्या, साखर-मीठ घाला आणि लिंबाऐवजी तुमच्या त्या सोया सॉसमध्ये थोडं घालून बघा. जमलं तर कळवा. नाही जमलं तर सरबत करा, मुलं पितील.

आपली,
वरच्या खोलीतली पाहुणी